भुसावळहून काठमांडू, जमिनीवरूनच

वाचकाचं पत्र

नमस्कार ताई. मी भुसावळची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, गेल्या वर्षी निवृत्त झाले. वय ५९. माझे यजमान रेल्वेत होते. नकाशा पसरून बसायचे आणि म्हणायचे, "एकदा रेल्वेने परदेशात जाऊ." ते आता नाहीत. मला आणि माझ्या मोठ्या जाऊबाईंना (वय ६७, गुडघे दुखतात) नेपाळला जायचंय, पण विमानाने नाही. रेल्वे आणि बसनेच, आमच्या चालीने. मुलगा म्हणतो, विमानाने जा, नाहीतर यात्रा कंपनीबरोबर जा. दोघींनी एकट्याने बॉर्डर ओलांडायची हे त्याला पटत नाही. जाऊबाईंकडे फक्त आधार कार्ड आहे आणि माझ्या मतदार ओळखपत्रावर अजून माहेरचं नाव आहे. शिवाय दोन वर्षांपूर्वी आमच्याच भागातल्या यात्रेकरूंची बस नेपाळात नदीत कोसळली, तेव्हापासून घरात नेपाळचं नाव काढता येत नाही. आम्ही हट्ट करतोय का? आणि जायचं तर कसं?

उत्तर

नमस्कार बाई,

अपघाताबद्दल तुम्ही शेवटी एकच ओळ लिहिली आहे, पण सगळं पत्र त्या ओळीपाशी अडलंय असं मला वाटतं. म्हणून आधी तेच बोलू.

२३ ऑगस्ट २०२४ ला ती बस तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली आणि २७ माणसं गेली. बहुतेक वरणगाव-भुसावळ पट्ट्यातली माणसं. त्यातलं कुणीतरी तुमच्या ओळखीचं असेल, कुणाचं लेकरू तुमच्या वर्गातही बसलं असेल. अशा वेळी "अपघात काय, कुठेही होतात" असं म्हणणं मला जमणार नाही. नेपाळचे डोंगरातले रस्ते खरोखर अवघड आहेत. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला खाली नदी. त्याच वर्षी १२ जुलैला नारायणघाट ते मुग्लिन रस्त्यावर सिमलतालजवळ दरड आली आणि दोन बसगाड्या त्रिशूलीत वाहून गेल्या. या दोन्ही घटना पावसाळ्यातल्या आहेत. तेव्हा माझ्या अटी पहिल्यांदाच सांगते: पावसाळ्यात जायचं नाही, डोंगरातल्या रस्त्यावर रात्रीच्या बसने जायचं नाही, आणि कुठल्याही दिवशी बसचा प्रवास उजेडात सुरू होऊन उजेडातच संपला पाहिजे. या अटी पाळणार असाल तर जा. यात हट्ट कसला? ज्या माणसाने उभा जन्म रेल्वेत काढला त्याच्या मनातली गोष्ट तुम्ही करताय.

आता तुमचे यजमान म्हणायचे तसा, रेल्वेने परदेशात जायचा रस्ता. तुम्हाला माहीत असेल-नसेल, तो रस्ता तुमच्या भुसावळच्या फलाटावरूनच जातो. कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसहून सुटणारी पवन एक्सप्रेस भुसावळ, जबलपूर, वाराणसी, मुझफ्फरपूर, दरभंगा असं करत बिहारच्या मधुबनी जिल्ह्यातल्या जयनगरला जाते. जयनगर म्हणजे आपल्या रेल्वेचं त्या बाजूचं शेवटचं स्टेशन. त्याच्या शेजारीच नेपाळ रेल्वेचं स्टेशन आहे, आणि तिथून जनकपूरची गाडी सुटते.

या गाडीबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. जयनगर ते जनकपूर हा मार्ग १९३७ पासूनचा, आधी नॅरोगेज, मुळात तराईतलं (नेपाळच्या दक्षिणेकडच्या सपाट पट्ट्यातलं) लाकूड वाहून न्यायला टाकलेला. २०१४ मध्ये तो बंद झाला, ब्रॉडगेज केला गेला आणि २ एप्रिल २०२२ ला पुन्हा सुरू झाला. त्यावर धावणाऱ्या दोन डेमू (डिझेलवर चालणाऱ्या लोकलसारख्या) गाड्या नेपाळने २०२० साली कोकण रेल्वेकडून घेतल्या. म्हणजे गाडी चेन्नईच्या कारखान्यात बांधलेली, नवी मुंबईत मुख्यालय असलेल्या कोकण रेल्वेने दिलेली, आणि तिच्यात बसून तुम्ही इनर्वा, खजुरी, वैदेही अशी स्टेशनं मागे टाकत सीतेच्या माहेरी उतरणार. वैदेही नावाचं स्टेशन आलं की जाऊबाईंना खिडकीशी बसवा. अंतर जेमतेम तीस किलोमीटर आहे, पण देश बदलतो. तुमच्या यजमानांना हा मार्ग फार आवडला असता.

बहुतेक लोक मात्र गोरखपूरहून सोनौली या सीमेवरच्या गावामार्गे जातात, आणि मुलालाही कुणीतरी तोच मार्ग सांगेल. तो वाईट नाही. पण जाताना सोनौली आणि येताना सोनौली असं केलंत तर एकच रस्ता दोनदा तुडवाल. मी म्हणेन, जयनगरने आत शिरा आणि सोनौलीने बाहेर पडा. गोरखपूरहून मुंबईकडे येणाऱ्या कुशीनगर आणि काशी या दोन्ही गाड्या भुसावळला थांबतात, त्यामुळे परतीला गाडी बदलायची कटकट नाही.

भुसावळ ते जयनगर हा साधारण दीड दिवसाचा प्रवास आहे. तो सलग करू नका. गुडघ्यांसाठी म्हणून नाही, तर वाराणसी मध्ये येते म्हणून. तिथे उतरा, दोन रात्री राहा. काशीच्या ललिता घाटावर नेपाळी मंदिर आहे, नेपाळच्या राजाने बांधायला घेतलेलं, लाकडी कोरीवकामाचं. पशुपतिनाथाला जायच्या आधी ते पाहिलंत तर काठमांडूत पोहोचल्यावर तिथले खांब आणि तिथले टुँडाल ओळखीचे वाटतील. (छपराला टेकू देणाऱ्या त्या कोरीव लाकडांना तिकडे टुँडाल म्हणतात.) मग वाराणसीहून पुढचं वेगळं तिकीट काढा. आरक्षण करताना ज्येष्ठांसाठीचा खालच्या बर्थचा कोटा निवडा, ४५ वर्षांवरच्या बायकांना तो मिळतो. गाडी जयनगरला अवेळी पोहोचली तर उजाडेपर्यंत स्टेशनातच थांबा. अंधारात रिक्षावाल्याच्या मागे लागून हॉटेल शोधायला निघू नका. आणि सामान एवढंच घ्या की ज्याचं त्याला उचलता येईल, कारण गाडी बदलताना जिने चढावे लागतात.

कागदपत्रांचं नीट ऐका, इथे चुकलात तर बॉर्डरवरून परत यावं लागेल. भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही, १९५० च्या करारापासून ही सीमा मोकळी आहे. पण मोकळी म्हणजे ओळखीशिवाय नव्हे. पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र, यातलं एक हवं. आधार कार्ड सर्वांना चालत नाही, ते १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्या माणसांनाच चालतं. म्हणजे जाऊबाईंचं वय ६७, त्यांचं काम आधारवर भागतं. अडचण तुमची आहे, ५९ वर्षांच्या बाईंची. तुमच्या मतदार ओळखपत्रावरचं नाव आणि रेल्वेच्या तिकिटावरचं नाव वेगळं पडेल, आणि दोन देशांच्या सीमेवर उभं राहून लग्नानंतर नाव कसं बदललं हे समजावत बसणं काही सुखाचं नाही. मतदार यादीतल्या दुरुस्तीसाठी आठ नंबरचा फॉर्म भरावा लागतो, तो आजच भरा. त्याहून बरं म्हणजे दोघींनी पासपोर्टच काढा. पोलीस पडताळणीला वेळ लागतो, म्हणून निघायच्या तारखेच्या आधी चार महिने हाताशी ठेवा. मूळ कागद अंगावरच्या पिशवीत, झेरॉक्स एकमेकींच्या सामानात, आणि एक प्रत मुलाकडे.

आता कधी जायचं ते. तुमच्या मनात बहुतेक दिवाळीची सुट्टी किंवा उन्हाळा असेल, शिक्षकांचा वर्षानुवर्षांचा हिशेब तोच असतो. पण आता तुम्ही सुट्टीला बांधलेल्या नाही आहात. छठपूजा झाली की साधारण आठवडाभराने निघा. दिवाळी ते छठ या काळात बिहारकडे जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. छठ उरकली की गर्दी उलट फिरते, लोक मुंबईकडे परतू लागतात आणि तुमच्या दिशेच्या गाड्या हलक्या होतात. तुम्ही तीनेक आठवड्यांनी परत याल तोवर ती परतीची गर्दीही ओसरलेली असेल. नेपाळातले दसैं आणि तिहार (त्यांची दिवाळी) हे सणही संपलेले असतात. (दसैं म्हणजे आपला दसरा, पण त्यांचा पंधरा दिवसांचा, तेव्हा अख्खं काठमांडू गावी जातं.) नोव्हेंबरात आकाश धुतल्यासारखं असतं आणि हिमालय दिसतो. डिसेंबरच्या मध्यानंतर मात्र थांबू नका. तराईत आणि उत्तर प्रदेशात धुकं पडतं आणि गाड्या दहा-दहा तास उशिरा धावतात. जनकपूरला विवाहपंचमी छठनंतर महिन्याने येते. सीतारामाच्या लग्नाचा तो सोहळा मोठाच असतो, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाने त्या गर्दीत जाऊ नये. तुम्ही त्याच्या आधी जनकपूर पाहून पुढे गेलेल्या असाल.

जनकपुरात दोन रात्री राहा. जानकी मंदिर टिकमगढच्या राणीने बांधलं, नऊ लाख खर्च आला म्हणून नौलखा म्हणतात. संध्याकाळी अंगणात नुसतं बसून राहा. बायका मैथिली बोलतात, तुम्ही हिंदी बोला, सगळं समजतं.

पुढचा टप्पा सगळ्यांत विचार करण्यासारखा. जनकपूरहून काठमांडूला जवळचा रस्ता बर्दिबास–सिंधुली–धुलिखेल असा डोंगरातून जातो, जपानच्या मदतीने बांधलेला. अरुंद आहे, वळणावर वळण. त्यावर मोठ्या बस चालत नाहीत, लहान माइक्रो आणि जीप चालतात, आणि सप्टेंबर २०२४ च्या पुरात त्याचे मोठे तुकडे वाहून गेले. लोक तुम्हाला सांगतील, "याच रस्त्याने जा, लवकर पोहोचाल." जाऊ नका. तुम्ही पूर्व-पश्चिम महामार्गाने, बहुतांशी सपाटीवरून, पश्चिमेला चितवनला जा. सकाळची पहिली बस धरा. हा दिवस लांबतो. जाऊबाईंचे पाय भरून आले तर मध्ये हेटौंड्याला रात्र काढायची, तेही छान गाव आहे. चितवनला सौराहात तीन रात्री राहा. तिथलं राष्ट्रीय उद्यान १९७३ चं, एकशिंगी गेंड्यांचं. राप्ती नदीच्या काठावर खुर्ची टाकून बसलात तरी पलीकडच्या गवतात गेंडा दिसण्याची आशा असते, आणि त्यासाठी गुडघे लागत नाहीत.

सौराहाहून काठमांडूला सकाळी टुरिस्ट बस सुटतात. त्यातली 'सोफा' म्हणतात ती घ्या, एका बाजूला दोन आणि एका बाजूला एक अशी रुंद आसनं असतात, पाय लांब करता येतात. हाच तो नारायणघाट–मुग्लिनचा आणि पुढे त्रिशूलीकाठचा रस्ता. या दिवशी भीती वाटेल, ती वाटू द्या. मी या रस्त्याने गेले तेव्हा माझा हात समोरच्या दांड्यावरून सुटला नव्हता. तिकीट काढताना विचारा की ड्रायव्हर आज सकाळीच गाडीवर बसलाय की रात्रभर चालवून आलाय. हा प्रश्न विचारायला लाजू नका, तो तुमचा अधिकार आहे. गाडी वेडीवाकडी हाकतोय असं वाटलं तर मोठ्याने म्हणा, "बिस्तारै, दाइ!" म्हणजे सावकाश, दादा. बसमधल्या चार बायका तुमच्या सुरात सूर मिसळतील. तरीही ऐकलं नाही तर पुढच्या जेवणाच्या थांब्यावर उतरा आणि दुसरी बस धरा. तिकिटाचे पैसे गेले तर गेले. मुलाला हे आधीच सांगून ठेवा, त्याचा अर्धा घोर त्यानेच कमी होईल. वाटेत कुरिनटारला मनकामनेचा रोपवे आहे, १९९८ पासूनचा. तिथे उतरून देवीचं दर्शन करायचं आणि एक रात्र काढून दुसऱ्या दिवशी काठमांडू गाठायचं, असंही करता येईल. मला हेच जास्त आवडेल.

तिकिटांबाबत एक अनुभव सांगते, त्याने मला फार मनस्ताप झाला होता. पहिल्या खेपेला मी गोरखपुरात एका दुकानातून थेट काठमांडूपर्यंतचं तिकीट काढलं. सीमा ओलांडल्यावर तो कागद कुणी ओळखेना. दुपारचे चार तास गेले, आणि शेवटी रात्रीच्या बसमध्ये सगळ्यांत मागच्या सीटवर कोंबलं. त्या रात्री मी झोपले नाही. तेव्हापासून माझा नियम आहे: दोन देशांचं एक तिकीट काढायचं नाही. ज्या गावातून बस सुटते त्याच गावात, त्याच टप्प्याचं तिकीट. तिकिटावर तारीख विक्रम संवतातली असते, साल आपल्यापेक्षा ५७ वर्षांनी पुढचं दिसेल, घाबरू नका. महिना आणि दिवस मात्र काउंटरवरच्या माणसाकडून आपल्या तारखेत बोलून घ्या. घड्याळ नेपाळात पंधरा मिनिटं पुढे असतं, सकाळच्या बससाठी ही पंधरा मिनिटं महत्त्वाची. आणि आठवड्याची सुट्टी तिथे शनिवारी, हे बँकेच्या कामासाठी ध्यानात ठेवा.

पैशांचं सोपं आहे. आपले १०० म्हणजे त्यांचे १६०, हा दर १९९३ पासून ठरलेला आहे. सीमेजवळ दुकानदार भाव सांगतो तो आयसीत की एनसीत, हे प्रत्येक वेळी विचारा. आयसी म्हणजे भारतीय, एनसी म्हणजे नेपाळी. नुसतं "पाचशे" ऐकून भारतीय पाचशे काढून दिले की जास्तीचे तीनशे नेपाळी गेलेच. शंभराच्या नोटा भरपूर न्या, मोठ्या नोटांवर विसंबू नका. आपल्या यूपीआयने आता तिथल्या अनेक दुकानांत पैसे देता येतात, पण डोंगरात नेटवर्क गेलं की ते काही कामाचं नाही. जनकपुरात उतरल्यावर फोटो आणि ओळखपत्र देऊन नेपाळी सिम घ्या आणि मुलाला रोज ठरल्या वेळी फोन करा. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या असतील तर महिनाभराच्या आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. तुमची आरोग्य विमा पॉलिसी भारताबाहेर चालते का ते विचारा. चालत नसेल तर प्रवास विमा वेगळा काढा, यात पैसे वाचवू नका.

खाण्याचं म्हणाल तर वाराणसीपर्यंत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पुरेल. पुढे दालभात. ताटात भात संपला की ते परत वाढायला येतात, पुरे म्हणायचं असेल तर "भयो" म्हणा. जेवणाला मोहरीच्या तेलाचा वास येईल, दोन दिवसांत सवय होते. आणि तुमच्यासाठी एक आनंदाची गोष्ट: सगळ्या पाट्या देवनागरीत आहेत. परदेशात जाऊन दुकानाच्या, बसच्या, गावाच्या पाट्या स्वतः वाचता येणं, हे आपल्याला दुसऱ्या किती देशांत मिळेल? किती म्हणजे तिथे कति. बसा म्हणजे बस्नुस्. पहिलीच्या मुलांना शिकवत आलात तशी ही भाषा तुमच्या कानात आपोआप बसेल.

काठमांडूत चार दिवस ठेवा, परतीला पुन्हा नारायणघाटला एक रात्र, मग लुंबिनी. काठमांडूहून लुंबिनीला एका दमात जायचं म्हणू नका, मधल्या रस्त्याच्या रुंदीकरणाची धूळ मी खाल्ली आहे. लुंबिनीत अशोकाचा स्तंभ आहे, बुद्धाच्या जन्माची जागा आहे, आणि महाराष्ट्रातून आलेली माणसं हमखास भेटतात. जय भीम घातला की गप्पा सुरू. तिथून सोनौली जवळ आहे. सीमेवरच्या कमानीखालून चालत या, भारताच्या बाजूला बस असतात, गोरखपूरला तीनेक तासांत सोडतात. गोरखपुरात रात्र काढून दुसऱ्या दिवशीची गाडी. तिथल्या फलाटाची लांबी १३६६ मीटर आहे, डबा कुठे येतो ते आधी विचारून तिथेच उभ्या राहा, नाहीतर जाऊबाईंना फार चालावं लागेल.

राहिला मुलगा. तो तुम्हाला अडवत नाहीये, त्याला भीती वाटतेय, आणि त्या भीतीला तुमच्या गावात घडलेलं कारण आहे. यात्रा कंपनीचा त्याचा आग्रहही अगदीच चुकीचा नाही. सोबत असते, स्वयंपाकी असतो, कुणी आजारी पडलं तर धावपळ करायला माणूस असतो. पण गाडी त्यांच्या वेळेवर धावते, आणि पहाटे निघून रात्री मुक्कामाला पोहोचणारा दिवस जाऊबाईंना झेपणार नाही. हे त्याच्यापुढे असंच मांडा. प्रत्येक मुक्कामाच्या हॉटेलचा फोन नंबर कागदावर लिहून त्याला द्या. काठमांडूतला भारतीय दूतावास आणि बीरगंजमधलं वाणिज्य दूतावास, दोन्हींचे नंबर त्यालाच शोधायला सांगा आणि तुमच्या पर्समध्ये ठेवा. आणि आरक्षणाचं काम त्याच्यावर सोपवा. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, सकाळी ८ वाजता. यंदाची छठ कधी आहे ते कॅलेंडरात बघा, त्यात आठवडा मिळवा, तिथून ६० दिवस मागे या. त्या सकाळी त्याला शेजारी बसवून भुसावळ ते वाराणसीची दोन तिकिटं काढून घ्या.